पोटोबांचा न जेवणारा पाहुणा

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला. दोन पाळ्या मिळून चारशे माणसं जेवायची. कामगारांनी ह्यांचं नाव पोटोबा ठेवलं होतं, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की निवृत्तीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषणात खरं नाव घेतलं, तर हे शेजारच्याकडे बघायला लागले. ताट रिकामं परत आलं पाहिजे, एवढा एकच नियम. कुणी चार घास ठेवून उठायला लागला की हे डाव हातात घेऊन त्याच्या डोक्यावर उभे. संपवल्याशिवाय सुटका नाही. लोक म्हणायचे, काय माया आहे माणसाची. लोकांना म्हणायला काय जातंय, ते आठ तासांनी घरी जायचे.

माझी सुट्टी कधी व्हायची? निवृत्त झाल्यापासून तर विचारूच नका. दोन माणसांचा स्वयंपाक ह्यांना येतच नाही. बटाटे आणायला पाठवलं की पोतं घेऊन येतात. एकदा रस्सा केला की तिसऱ्या दिवशीही तोच रस्सा, आणि वर मलाच विचारणार, "अगं, तुझी भूक कमी झाली का?" मी सांगून सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

आम्हाला एकच लेक. लहानपणी तिला चिमणी म्हणायचो, कारण खायची तेवढंच. आता पस्तिशीची झाली, शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, स्वतःच्या घरात एकटी राहते. महिन्यातून एकदा येते. चहा घेते, माझ्याशी बोलते, ह्यांना "बरं आहे ना, बाबा?" विचारते, आणि जेवणाची वेळ व्हायच्या आत चप्पल पायात. सतरा वर्षं झाली, पोर या टेबलावर जेवलेली नाही.

कारण आम्हा तिघांनाही ठाऊक आहे, पण तो विषय घरात निघत नाही. ती लहान असताना ताट संपेपर्यंत हे तिला उठू द्यायचे नाहीत. कडू लागतं म्हणून ती रडायची. हे म्हणायचे, चारशे माणसं खातात, त्यांना नाही लागत कडू, नखरे आहेत नुसते. कधी कधी तासभर बसायची ताटासमोर, नाक ओढत. मग हे चमच्याने भरवायला घ्यायचे, म्हणायचे, "थोडं पोटात गेलं की चव लागेल." आणि मी ओट्यापाशी उभी राहून भांडी घासायचे. घासलेलीच पुन्हा घासायचे. हे आज सांगतेय मी, तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही.

तर या चिमणीने एक दिवस आपल्या पाळलेल्या जनावराची काचेची टाकी आणली आणि मागच्या खोलीत ठेवली. तिच्या घरातले पाण्याचे नळ बदलायचे होते, भिंती फोडायच्या होत्या, सहा आठवडे नुसती धूळ. स्वतः मैत्रिणीकडे राहायला गेली. आमच्याकडे अख्खी खोली रिकामी पडलीय, पण नाही. मैत्रिणीकडे मांजर आहे म्हणून जनावर तेवढं आमच्याकडे. तेही का, तर आमची मागची खोली थंड असते. म्हणजे आई-बापाची गरज नव्हती, खोलीची होती. राग आला मला, खोटं कशाला बोलू. पण मला मेलीला आनंदही झाला. सहा आठवडे रोज फोन तरी येईल. आणि न्यायला येईल तेव्हा ते जनावर जिवंत आणि गुटगुटीत दिसलं, तर कोण जाणे, बसेलही घटकाभर. जेवेलही. एवढी एकच माझी इच्छा, आणि ती एका बोटभर प्राण्याच्या पोटावर टांगलेली.

अ‍ॅक्सोलॉटल म्हणतात त्याला. ह्यांनी चार दिवस ते नाव म्हणायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि 'पाहुणा' म्हणायला लागले. मासा नव्हे, पाल नव्हे. बेडकाच्या लांबच्या नात्यातलं, पण जन्मभर पाण्यातच राहणारं, असं चिमणीने सांगितलं. फिकट गुलाबी अंग, काडीसारखे चार पाय, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे लाल कल्ले, आणि तोंडाची ठेवण अशी की सदानकदा हसतंय. अजून बाळच होतं, माझ्या बोटाएवढं. ध्यान नुसतं.

चिमणीने सगळं कागदावर लिहून आणलं होतं आणि दोनदा वाचूनही दाखवलं. डबीत ओल्या मातीत गांडुळं आहेत, दोन आठवडे पुरतील. संपली की तळ्याकाठच्या, मासे धरायच्या गळांच्या दुकानातूनच आणायची, दुसरीकडून नाही. रोज एकदाच द्यायचं. तुकडा त्याच्या तोंडापेक्षा मोठा नको. समोर ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. उरलं तर काढून टाकायचं, नाहीतर पाणी नासतं. शेपटीचं टोक मुडपलं किंवा कल्ले पुढे वळले, तर लगेच तिला फोन करायचा. हे खुर्चीत टेकून ऐकत होते. "मला शिकवू नकोस," म्हणाले, "चारशे माणसं जेवू घातलीत मी." चिमणीने माझ्याकडे एकदा पाहिलं, डबी फ्रिजमध्ये ठेवली आणि गेली.

फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी गांडुळं. ती कापायला माझी भाजीची सुरी. मी म्हटलं, अहो, ती सुरी आता या घरात भाजीला लागणार नाही. तर हे म्हणाले, धुतली की झालं, कँटीनमध्ये काय प्रत्येक भाजीला वेगळी सुरी होती का? मी दुसरी सुरी आणली आणि कपाटात कपड्यांखाली लपवून ठेवली. साठीला आलेली बाई मी, आणि सुरी लपवतेय.

पहिल्या दिवशी पाहुण्याने तुकडा असा गट्ट केला की आम्ही दोघं बघत राहिलो. तोंड उघडलं, पाण्यासकट आत ओढलं, संपलं. ह्यांचा चेहरा किती वर्षांनी तसा उजळलेला पाहिला मी. मग दुसरा तुकडा, मग तिसरा. संध्याकाळी पुन्हा. कागदावर एकदाच लिहिलंय म्हटलं, तर वाढत्या अंगाचं आहे, कागदाला काय कळतंय, हे उत्तर. दोन आठवड्यांची डबी पाच दिवसांत संपली. अति तिथे माती. पाणी गढूळ झालं, खोलीत वास सुटला, आणि नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच टाकीत घालायचं, त्या बादल्या वाहून वाहून कंबर माझी मोडली. पोटोबा खुर्चीत बसून पाहुण्याला बघत होते.

रोज संध्याकाळी चिमणीचा फोन यायचा. पहिला प्रश्न, जेवलं का? हे माझ्या हातातून फोन काढून घ्यायचे आणि सांगायचे, जेवलं, पोटभर जेवलं, दुसऱ्यांदा वाढलं. तिकडून ती फक्त "बरं" म्हणायची.

डबी संपली. तळ्याकाठी जायला अर्धा तास लागतो. खाली तळमजल्यावर शिंपीणबाई राहतात, त्यांनी भाजीच्या सालांचं खत करायला बादली ठेवलीय, त्यात लाल लाल गांडुळांचा बुजबुजाट. हे वाटी घेऊन गेले आणि भरून आणली. मी म्हटलं, तिने दुकानातूनच आणायला सांगितलंय. तर म्हणाले, गांडूळ म्हणजे गांडूळ. दुकानात का आकाशातून पडतात?

पाहुण्याने तुकडा तोंडात ओढला आणि पुढच्या क्षणी थुंकला. पुन्हा दिला, पुन्हा थुंकला. "नखरे," हे म्हणाले. हा शब्द या घरात मी फार दिवसांनी ऐकला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ह्यांनी तुकडे बारीक केले, आणखी बारीक केले, धुऊन दिले, काचेच्या वाटीत दिले, चिमट्याने नाकापुढे नाचवून दिले. गांडूळ बदलायचं तेवढं सुचलं नाही. खुर्ची टाकीला चिकटवून, काचेला नाक लावून बसायचे. ते बिचारं कोपऱ्यात तोंड खुपसून पडलेलं. अहो, बाजूला तरी व्हा, म्हटलं, तुमचं एवढं मोठं तोंड बघून माझीसुद्धा भूक मरेल. हलले नाहीत. चौथ्या दिवशी त्याचं पोट आत गेलं. पाचव्या दिवशी शेपटीचं टोक मुडपलं आणि ते लाल कल्ले पुढे वळले.

कागद मी ह्यांच्या पुढ्यात धरला. तिला फोन करा, म्हटलं. नको, म्हणाले, उद्या खाईल. आणि संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा माझ्यादेखत सांगितलं, "जेवलं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. माझ्या हातात घासलेलं भांडं होतं. ते मी पुन्हा घासायला घेतलंय, हे दोन मिनिटांनी लक्षात आलं.

सहाव्या दिवशी दुपारी मी बाहेरून आले तर मागच्या खोलीत हे उभे. डाव्या हातात मोठा चमचा, चमच्यात थोडं पाणी आणि पाण्यात पाहुणा. उजव्या हातात आगकाडी. आगकाडीने त्याचं तोंड उघडू बघत होते. चार पाय हवेत हलत होते, आणि तोंड तसंच, हसतंय असं दिसणारं. हे वर न बघताच म्हणाले, "थोडं पोटात गेलं की चव लागेल त्याला."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"सोडा त्याला पाण्यात," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

माझा आवाज असा लागला की त्यांनी सोडलं. मग मात्र मी थांबले नाही. चाळीस वर्षांचं साठलेलं. त्याला नको म्हणता येत नाही म्हणून काड्या घालताय? माझ्या पोरीला म्हणता येत होतं, तिचंही ऐकलं नाहीत. भूक कुणाला किती आणि चव कुणाला कशी, ते तुम्ही कोण ठरवणार, तुम्ही वाढपी आहात की पहारेकरी? आणि खोटं बोलता ते वेगळंच. आणखी बरंच बोलले, सगळं सांगण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, कँटीनचा एवढा तोरा मिरवता ना, मग पातेलं बाहेर जायच्या आधी कोण चाखायचं?

"मी," ते म्हणाले.

"मग हे चाखलंत?"

लागावं म्हणूनच बोलले होते मी. पण हा माणूस काय करील याचा नेम नाही. त्यांनी वाटीतला एक तुकडा उचलला, नळाखाली धरला आणि जिभेच्या टोकाला लावला. मी ओरडायच्या आत. मग मोरीकडे धावले, थुंकले, चूळ भरली, पुन्हा भरली, तिसऱ्यांदा भरली. तोंड पुसत परत आले आणि खुर्चीत बसले.

"कडू आहे," म्हणाले. "जहर कडू."

मला हसूही येत होतं आणि रडूही. हे मात्र टाकीकडे बघत होते. मग विचारलं, "चिमणी म्हणायची... खरंच लागायचं का कडू?"

त्यांच्या कँटीनमधून रोज डबा यायचा घरी. चारशे माणसं जेवून झाली की पातेल्याच्या तळाला राहिलेलं डब्यात भरायचे. चार तास आचेवर राहिलेलं, तळाला लागलेलं, खरवड नुसती. सकाळी दहा वाजता पहिला डाव काढून हे चाखायचे ते वरचं. दुपारी तिथेच जेवायचे तेही वरचं. घरी येऊन आमच्याबरोबर बसायचे, पण जेवायचे नाहीत, आम्ही जेवतो की नाही ते बघायचे.

"लागायचं," मी म्हटलं. "तुम्ही वरचं चाखायचात. आम्ही तळाचं खायचो."

"तू का नाही सांगितलंस?"

मारकुटे नव्हते हो हे. डबा उघडताना ह्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद असायचा की तो मोडायला माझी जीभ उचलायची नाही. ह्यांचा आनंद राखला आणि पोरीला रडू दिलं. इतका वेळ ह्यांच्यावर तोंडसुख घेत होते, आणि अर्ध्याची धनी मीच होते. तसंच सांगितलं त्यांना.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा त्यांनी तो स्वतः उचलला. मी शेजारीच उभी होते, तिचा आवाज मला ऐकू येत होता. जेवलं का, तिने विचारलं.

"नाही," हे म्हणाले. "सहा दिवस उपाशी आहे. मी खोटं सांगितलं तुला. खताच्या बादलीतली आणली होती. कडू आहेत ती, मी चाखून पाहिली."

मला वाटलं, आता ती फोन ठेवणार.

"तुम्ही चाखलीत?" चिमणीने विचारलं.

"जिभेच्या टोकाने."

मग ती हळूच म्हणाली की खतातली ती लाल गांडुळं कडूच असतात, त्याला नाही आवडत, ते नखरे करत नव्हतं. हे म्हणाले, हो, कळलं. पुढे तिने काय करायचं ते सांगितलं आणि ह्यांनी चष्मा लावून एकेक शब्द लिहून घेतला. चौतीस वर्षांत कुणाचं ऐकून काही लिहून घेतलेला माणूस नव्हे हा.

दुसऱ्या दिवशी गळांचं दुकान उघडायच्या आधी हे दारात जाऊन उभे. मातकट रंगाची, मऊ गांडुळं आणली. एक तुकडा कापला, नखाएवढा, वाटीत घालून टाकीच्या तळाशी ठेवला आणि उभे राहिले. मी नुसतं खाकरले. निघाले, पण कुठे, तर दाराआड, आणि तिथून एक डोळा आत. मी हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं आणि घेवडा निवडायला बसवलं. दहा मिनिटांनी जाऊन पाहिलं तर वाटी रिकामी. ह्यांचा हात डबीकडे गेला, मी बघत होते. डबी उघडली, थोडा वेळ तशीच धरली, आणि झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली. घेवड्याच्या निम्म्या शेंगा शिरांसकट टाकल्या होत्या, त्या मी पुन्हा निवडल्या.

नंतरचे दिवस तसेच गेले. शेपटी सरळ झाली, पोट गोल झालं, कल्ले फुलून मागे गेले. माझ्या कटकटी संपल्या असं समजू नका. आता हे खोलीत कुणाला मोठ्याने बोलू देईनात, आणि मला चोरपावलांनी चालायला लावलं.

चिमणी न्यायला आली त्या दिवशी सकाळी ह्यांनी बाजारातून एक पातेलं आणलं. लहान, तिघांपुरतं. त्यात बटाट्याचा रस्सा केला. वरचा चमचाभर चाखला, मग पळी तळापर्यंत खुपसून तळाचाही चाखला. पातेलं टेबलावर ठेवलं, शेजारी तीन ताटल्या एकावर एक. मांडल्या नाहीत, नुसत्या ठेवल्या. मला म्हणाले, तू काही म्हणू नकोस. मी कशाला म्हणतेय!

ती झाकणाची बादली घेऊन आली. टाकीपाशी वाकून बघत राहिली. वाढलंय की, म्हणाली. बादलीत पाणी घेतलं, अलगद त्याला आत सोडलं, झाकण लावलं. बादली उचलून दारापर्यंत आली. जेवणाची वेळ झाली होती, आणि ती नेहमीसारखी चप्पल शोधत होती. चप्पल सापडली, एक पायात घातलीही. मग तिने विचारलं, "बाबा, शेवटी ते खायला लागलं कसं?"

हे खुर्चीत बसून होते. हात मांडीवर. "समोर ठेवायचं," म्हणाले, "आणि आपण बाजूला व्हायचं. दहा मिनिटांनी बघायचं. उरलं तर काढून टाकायचं, काही बोलायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. कळायला मला फार उशीर झाला."

चिमणी उभी राहिली. मग तिने बादली भिंतीपाशी ठेवली, चप्पल काढली आणि टेबलाची खुर्ची ओढली. हे लगेच उठले आणि मागच्या खोलीत गेले. रिकामी टाकी पुसत बसले, पाठ आमच्याकडे करून. मी एक ताटली तिच्यापुढे सरकवली आणि हात मागे घेतला. तिने स्वतःच्या हाताने वाढून घेतलं, तीन बटाटे आणि थोडा रस्सा. पहिला घास तोंडात घालून थांबली. मी ओट्याकडे गेले नाही, तिथेच बसून राहिले.

दहा मिनिटांनी हे आले. ताटलीत एक बटाटा उरला होता. त्यांनी ताटली उचलली, बटाटा काढून टाकला, काही बोलले नाहीत.